अडीच गोलांचा फरक

"अर्धा गोल म्हंजे? पोस्टाला आपटून भाईर गेलेला व्हय?"

बापू सरनाईकांनी विचारलं आणि अख्खी बुरुजाची तालीम खदाखदा हसली. मी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभा होतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'बुरुज विरुद्ध आमराई. आपण अडीचपेक्षा जास्त गोलांच्या फरकानं जिंकणार. होय की नाही?'

"बापू, अर्धा गोल नसतोच, म्हणून तर तो घालायचा," मी म्हणालो. "नुसतं तीन म्हटलं आणि बरोबर तीनच्या फरकानं जिंकलो, तर निम्मे म्हणणार आम्ही बरोबर, निम्मे म्हणणार आम्हीच. अडीच म्हटलं की भांडणाला जागाच नाही. तीनचा फरक पडला की 'होय'वाले जिंकले. दोनचा पडला की 'नाही'वाले."

"म्हंजे म्याच आपण जितली तरी 'न्हाई'?"

"तरी 'नाही'. कोण जिंकणार हा इथं प्रश्नच नाही. किती गोलांनी, एवढंच."

"घ्या! जितून हरायची सोय करून आलाय पुण्यासनं," बापू म्हणाले. पण त्यांना मजा वाटत होती. ते तालमीचे अध्यक्ष, त्यांना मजा वाटली की तालमीला वाटायची.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, कोल्हापूरची. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर जगत असेल, आमच्या पेठा फुटबॉलवर जगतात. कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ झालेले, त्यामुळं आत मारुती, लाल माती आणि मुद्गल, आणि बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या जर्श्या. मी, धैर्यशील इंगवले, बुरुजाच्या संघात हाफला खेळायचो. मध्ये दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. परदेशातल्या फुटबॉल सामन्यांचे आकडे गोळा करायचं ऑफिस होतं ते. तिकडं लोक सामन्याच्या निकालावर होय-नाहीच्या चिठ्ठ्या घेतात, विकतात आणि बाजारात कांद्याचा भाव ठरावा तसा गोलफरकाचा भाव ठरतो, हे मी तिथं शिकलो. नंतर वडिलांच्या सायकलच्या दुकानात परत आलो आणि ही विद्या गंजत पडली.

ती बाहेर काढायचं कारण बापूंची मुलगी संयोगिता. तालमीच्या मुलींच्या संघाची ती कोच होती. आमचं दोघांचं ठरलं होतं. आता फक्त बापूंचं ठरायचं होतं. शनिवारी आमराई तालमीशी सेमीफायनल, रविवारी तालमीचं रस्सा मंडळ आणि सोमवारी माझा मामा बापूंच्या घरी आमचा विषय काढायला जाणार, असा बेत होता. सोमवारपर्यंत बापूंना खूश ठेवायचं एवढंच माझं काम.

बापूंची एक जुनी तक्रार होती. म्याचआधी जो तो पाच गोल, सहा गोल ठोकून देतो आणि नंतर जो तो म्हणतो, मी म्हटलंच होतं. मी म्हणालो, बापू, यावर माझ्याकडं औषध आहे.

औषध असं होतं. रस्सा मंडळ म्हणजे मोठ्या म्याचनंतर नदीकाठच्या एखाद्या शेतात तीन दगडांची चूल मांडून मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा. त्यात मटणाच्या तुकड्यांवरून दरवर्षी भांडणं. म्हणून प्रत्येक सभासदाला दहा कुपनं फुकट द्यायची. एक कुपन म्हणजे मटणाचा एक तुकडा. या कुपनांनी चिठ्ठी घ्यायची, 'होय'ची किंवा 'नाही'ची. चिठ्ठी बरोबर आली तर दहा तुकडे. चुकली तर नुसता रस्सा, शिवाय पंगतीला वाढायचं आणि पातेली घासायची. सुरुवातीला दोन्ही चिठ्ठ्यांचा भाव पाच-पाच कुपनं. 'होय'ला गिऱ्हाईक वाढलं की 'होय' सात, 'नाही' तीन. बेरीज कायम दहा.

"म्हणजे भाव म्हणजे लोकांच्या मनातली खात्री," मी सांगितलं. "'होय' सातवर असेल तर समजायचं, असल्या दहा म्याची झाल्या तर सातदा तीनचा फरक पडेल असं तालमीला वाटतंय. तोंडानं माणूस काहीही बोलेल. स्वतःच्या ताटातला तुकडा द्यायचा म्हटलं की खरं बोलतो."

आमचा गोलकीपर सर्जा चौगले हुशार. तो म्हणाला, "एकानं 'होय' घेतली, दुसऱ्यानं 'न्हाई', तर दोघांची कुपनं मिळून दहा तुकडं. हे कळलं. पर 'न्हाई' घ्यायला कोण आलंच न्हाई तर?"

"तर ती माझ्याकडं. ज्या बाजूला माणूस नाही, त्या बाजूला मी उभा. तुकडे कमी पडले तर मटण माझ्याकडून."

टाळ्या पडल्या. मी बापूंकडं बघितलं, बापू हसत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

बापूंनी एकच शंका काढली. "पेठेत ऱ्हाऊन उघड 'न्हाई' कोण घेणार, सांग बरं? घरातली भाकरी देणार न्हाईत."

म्हणून मग मुद्गलं ठेवायच्या खोलीला जी छोटी खिडकी होती, तिला पोत्याचा पडदा लावला. मी आत बसायचं. बाहेरच्यानं पडद्याखालून नुसता हात आत घालायचा, कुपनं उजवीकडं ठेवली की 'होय', डावीकडं ठेवली की 'नाही'. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त तालमीचा शिक्का. आणि कुणाचाही हात ओळखला तरी बोलणार नाही, अशी मी मारुतीसमोर शपथ घेतली. बापूंनी स्वतः ती म्हणून घेतली.

बाजार सुरू झाला. तालमीच्या कट्ट्यावर जो तो छाती बडवत होता. "पाच घालतोय बघ आमराईला!" "पाच? गेल्या वर्षी चार घातलं, औंदा सहा!" आणि खिडकीतून एकामागून एक हात आत येत होते. तेल लागलेले हात, ग्रीस लागलेले हात, वाकड्या बोटाचा एक, घड्याळ काढून ठेवलेला एक. मी मुकाट्यानं चिठ्ठ्या देत होतो आणि दर तासाला बाहेर येऊन फळ्यावरचा भाव बदलत होतो.

'होय' पाचवरून चारवर आली. मग चारवरून तीनवर आली.

"कोण हाय त्यो सूर्याजी पिसाळ?" बापू फळ्याखाली उभे राहून गरजले. "ज्यानं ज्यानं 'न्हाई' घेतली आसंल, त्यानं म्होरं यावं!"

कोण पुढं येतंय! उलट सगळे बापूंच्याही वर ओरडायला लागले. "आम्ही तर 'होय'च घेतली!" "देवाशपथ 'होय'!" प्रत्येकानं 'होय' घेतली होती आणि 'होय'चा भाव पडत होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. खडू माझ्या हातात होता.

खरं कारण सगळ्यांना दिसत होतं. रणजित पोवार, आमचा सेंटर फॉरवर्ड, बुधवारच्या सरावात पडला होता. गुडघ्याला आंबेहळदीचा लेप. "किरकोळ हाय," तो म्हणाला. "किरकोळ हाय," सगळी पेठ म्हणाली. त्यानंतर त्याला मोटरसायकलवर बसवायला दोन माणसं लागली, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पेठेत दुखापत झाली तरी ती सामना संपेपर्यंत होत नाही.

शुक्रवारी संयोगिता मुलींचा सराव संपवून मला मैदानाच्या कोपऱ्यावर भेटली. "काय उद्योग मांडलायस रे? बापू घरात नुसते येरझाऱ्या घालायलेत."

"मला काय माहीत असं होईल म्हणून?"

"चिठ्ठ्यांचं नाही विचारत मी. तुला काय वाटतंय ते विचारतो." आमच्याकडं मुलीही 'विचारतो'च म्हणतात. "किती घालणार?"

"तीन."

"रणजितचा गुडघा बघितलास?"

"बघितला."

"तरी तीन?"

"तरी तीन."

"मग पुण्याला जाऊन शिकलास तरी काय?" असं म्हणून ती शिट्टी बोटाभोवती फिरवत निघून गेली.

शनिवारी स्टेडियम भरलं होतं. रणजित लंगडत खेळला, पण खेळला. पहिल्या हाफमध्ये त्यानं हेडनं एक घातला आणि गुडघा धरून खाली बसला. दुसऱ्या हाफमध्ये आमराईच्या बॅकनंच गोंधळून आपल्या गोलात एक ढकलला. दोन-शून्य. खेळ संपत आला. आम्ही फायनलला जाणार हे नक्की झालं होतं, आणि आमच्या बाजूच्या स्टँडमध्ये मात्र कुणाला चैन नव्हतं.

तेवढ्यात आमराईच्या माणसानं गोलासमोरच्या डीमध्ये बॉलला हात लावला. पेनल्टी!

पेनल्टी कायम रणजित मारायचा. त्यानं बॉल उचलला, दोन पावलं टाकली आणि बॉल माझ्या हातात दिला. "तू मार. माझा पाय उचलंना झालाय."

आता बघा. गोल झाला तर तीनचा फरक. नाही झाला तर दोन. अख्ख्या स्टँडला ते ठाऊक होतं. मी बॉल ठेवला, मागं आलो, श्वास घेतला. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी मटण आठवलं नाही, चिठ्ठ्या आठवल्या नाहीत. एवढंच वाटलं की हा गोल बापूंच्या डोळ्यांसमोर घालायचा. धावलो आणि जीव खाऊन लाथ मारली.

बॉल बारच्या वरून गेला. नुसता वरून नाही, स्टँडच्या मागं भेळेच्या गाडीपर्यंत गेला.

शिट्टी झाली. आम्ही दोन-शून्यनं जिंकलो, फायनलला गेलो, आणि आमच्याच लोकांनी आम्हाला शिव्यांची आंघोळ घातली. आमराईवाले हरून खाली माना घालून चालले होते, त्यांनी वळून बघितलं. त्यांना कळेना की नक्की हरलं कोण.

तालमीत बापू मारुतीसमोर उभे होते. मागं सगळी पेठ.

"धैर्या," बापू म्हणाले, "हितं सगळ्यांनी 'होय' घेतल्यात. व्हय का न्हाई रं?"

"व्हय!" पेठ ओरडली.

"मंग ज्या बाजूला मानूस न्हाई तिथं तू उभा. तूच म्हनलावतास. म्हंजे समद्या 'न्हाई' तुझ्याकडं. आन् पेनल्टी बी तूच मारलीस. आभाळात!"

"बापू, मी मुद्दाम नाही मारली."

"मंग 'न्हाई' कुणी घेतल्या त्यांची नावं सांग."

मी मारुतीकडं बघितलं. शपथ त्याच्यासमोर घेतली होती. "नावं सांगता येणार नाहीत."

"चिठ्ठ्या दाखव तुझ्या."

"माझ्या 'होय'च्या दाखवून काय उपयोग? शिक्का माझ्याकडंच. तुम्ही म्हणाल, आत्ताच छापल्या."

"त्ये बी खरंच," बापू म्हणाले. मग माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्या रस्सा मंडळात 'न्हाई'च्या चिठ्ठ्या निघाल्या तर तू खरा. एक बी निघाली न्हाई तर तालमीची पायरी चढायची न्हाई. आन् सोमवारी तुझा मामा कशापायी येनार हाय त्ये मला ठावं हाय. त्येला सांग, तसदी घेऊ नगं."

दारात संयोगिता उभी होती. मी घरी गेलो तो पाय ओढत. प्रेमभंग होतो म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पण तो पेनल्टीमुळं होतो हे नवीन होतं.

रविवारी नदीकाठच्या शेतात चूल पेटली. दोन मोठ्या पातेल्यांत मटण शिजत होतं. खोबरं-मसाल्याचा वास साऱ्या शिवारात सुटला होता आणि माणसं मात्र मयताला आल्यासारखी बसली होती. संयोगिता आणि तिच्या संघातल्या मुली पत्रावळ्या मांडत होत्या. पत्रावळ्या मांडून झाल्या तसे बापू उभे राहिले.

"'न्हाई'ची चिठ्ठी कुणाकडं आसंल, त्यानं काढावी. दहा तुकडं घ्यावंत आन् बसावं."

कुणी हललं नाही. कुणी नदीकडं बघत होतं, कुणी चपलेच्या अंगठ्याकडं. पातेल्यावरचं झाकण वाफेनं थडथडत होतं. मी हातात वाढायचा डाव घेऊन उभा होतो. ज्यांचे हात मी ओळखले होते ते सगळे समोर बसले होते, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

"बघा," बापू म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

तेवढ्यात सर्जा गोलकीपर उठला. चुलीपाशी जाऊन त्यानं एका पातेल्यावरचं झाकण उचललं, मग दुसऱ्यावरचं. "बापू, तालमीनं बोकड किती आणला?"

"एक."

"हितं दोन शिजायलेत. ह्यो दुसरा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. "तुकडे कमी पडणार म्हणून आणला."

सर्जा डोकं खाजवत उभा राहिला. "समद्या 'न्हाई' ह्येच्याकडं असत्या तर ह्यो जितला की. मग तुकडं कमी कशाला पडतील? पदरचा बोकड कोण कापतंय उगाच?"

हे गणित सोपं होतं, आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं. म्हणजे त्यांना ते आधीपासून कळत होतं, आता न कळल्यासारखं करता येईना. सर्जानं झाकण परत ठेवलं नाही. वास थेट पंगतीवर आला.

"जाऊ दे तिच्यायला," सर्जा म्हणाला. त्यानं मोज्यात हात घालून चिठ्ठी काढली. "माझी 'न्हाई' हाय. मी गोलातनं समदी टीम बघतोय. कोण लंगडतोय त्ये मला दिसत हुतं."

"सर्जा!" कुणीतरी ओरडलं. "लाज वाटत न्हाई?"

"वाटत्या की. पर भूक बी लागल्या."

मग पलीकडच्या कडेला रणजित पोवार गुडघा धरून उठला आणि दोन चिठ्ठ्या पुढं केल्या. "माझ्या बी 'न्हाई'च."

आता मात्र गिल्ला झाला. "आरं, तू? सेंटर फॉरवर्ड?"

"मग? गुडघा कुणाचा हाय? माझ्याइतकं कुणाला ठावं?"

बांध फुटला. मालिशवाला तुकाकाका उठला, खजिनदार उठले, देवाची शपथ घेतलेले सगळे उठले. कुणी बनियनमधून, कुणी चष्म्याच्या घरातून, एकानं तर तंबाखूच्या पुडीतून चिठ्ठी काढली. 'नाही', 'नाही', 'नाही'. एकमेकांच्या हातातल्या चिठ्ठ्या बघून आधी सगळे चिडले आणि मग हसायलाच लागले.

बापू पाठ फिरवून नदी बघत उभे होते.

"बापू," संयोगिता म्हणाली, "उकडतंय लई. टोपी काढा की."

"असू दे."

"काढा हो."

बापूंनी खाकरून टोपी काढली. टोपीच्या घडीत 'नाही'च्या दोन चिठ्ठ्या होत्या. तो हात मी पडद्याखालूनही ओळखला होता. मनगटावरचं चांदीचं कडं काढून ठेवलेलं असलं तरी त्याचा पांढरा वळ दिसत होता.

"अध्यक्ष हाय मी तालमीचा," बापू म्हणाले. "अध्यक्षाला समदीकडनं इचार करावा लागतोय."

यावर कुणी काही बोलायच्या आत ते पंगतीच्या पहिल्या पानावर जाऊन बसले. मागोमाग सगळी पेठ बसली. उभा राहिलो फक्त मी. 'होय'च्या जवळजवळ सगळ्या माझ्याकडं आल्या होत्या. खरं तर नियमानं 'होय'चा भाव एकवर यायला हवा होता, एवढे हात 'नाही'कडं आले होते. पण फळ्यावर बुरुजापुढं एक लिहायला माझा हात धजला नाही, म्हणून तो तीनवरच ठेवला. त्या हट्टापायी एक बोकड गेला.

मी डाव घेऊन पंगतीकडं वळलो आणि बघतो तर संयोगिता रश्शाची बादली घेऊन माझ्या शेजारी उभी.

"तू बस की गं," बापू म्हणाले. "का तुझी चिठ्ठी बी..."

तिनं तीन 'होय'च्या चिठ्ठ्या बापूंच्या पत्रावळीशेजारी ठेवल्या.

बापूंनी डोक्याला हात लावला. "आगं, रणजितच्या गुडघ्याचा लेप तूच उगाळलास! तुला धडधडीत ठावं हुतं!"

"ठाऊक होतं."

"मग?"

"मग काय? आपली टीम आहे." तिनं माझ्याकडं एक कटाक्ष टाकला. "पेनल्टी हा मारणार ते तेवढं ठाऊक नव्हतं. नाहीतर विचार केला असता. मुद्दाम बिद्दाम काही नाही बापू, ह्याला मारायलाच येत नाही."

पंगत हसून हसून लोळली. मीही हसलो. माझा इतका अपमान कुणी केला नव्हता आणि मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

बापू मात्र हसले नाहीत. ते एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. मग पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावून त्यांनी ती सावकाश संपवली.

"अख्ख्या पेठेत दोनच खुळी निघाली," ते म्हणाले. "दोन खुळी दोन घरात दिली तर दोन घरं बुडत्यात. एकाच घरात ठिवली तर एकच बुडंल. मामाला सांग, उद्या येऊ दे. आन् आता हिकडं नळी वाढ."